अकरा घोडे आणि मीटरभर पाइप

जुनी आरएक्स हंड्रेड हातात आली की नवा मालक पहिल्या आठवड्यात सायलेन्सर बदलतो. दुसऱ्या आठवड्यात एअर फिल्टर काढून टाकतो. तिसऱ्या आठवड्यात पिस्टन सीज होतो आणि चौथ्या आठवड्यापासून तो "आता पूर्वीसारखा माल मिळत नाही" असं सांगत फिरतो. मी याच वाटेने गेलो आहे, म्हणून हे चार आठवडे मला तोंडपाठ आहेत. माझी गाडी १९९२ सालची. मामांनी घेतलेली, आणि त्यांच्या गुडघ्यांनी किक मारायला नकार दिल्यावर माझ्याकडे आलेली. तिला पळवण्यासाठी मी जे जे केलं, त्यातलं निम्मं पुढे पैसे मोजून उलटं करून घ्यावं लागलं. उरलेलं निम्मं का टिकलं हे समजून घेताना टू-स्ट्रोक इंजिन थोडंफार उमगलं. हा लेख त्या उरलेल्या निम्म्याबद्दल आहे.

आधी गाडीची कुंडली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी कंपन्या भारतीय भागीदार घेऊन शंभर सीसीच्या मोटरसायकली घेऊन उतरल्या. सुझुकी टीव्हीएसबरोबर, होंडा हीरोबरोबर, कावासाकी बजाजबरोबर आणि यामाहा एस्कॉर्ट्सबरोबर. एस्कॉर्ट्सने १९८५ च्या अखेरीस बाजारात आणलेली आरएक्स हंड्रेड १९९६ पर्यंत बनत राहिली. इंजिन ९८ सीसीचं, हवेने थंड होणारं, एका सिलिंडरचं. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५० मिलिमीटर. गिअर चार. ताकद ७,५०० आरपीएमला ११ अश्वशक्ती. गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास. आजची स्प्लेंडर घेतली तर इंजिन जवळपास तेवढंच, ९७.२ सीसी, ताकद आठ अश्वशक्ती आणि वजन ११२ किलो. हलक्या अंगावर तीन घोडे जास्त, हेच आरएक्सच्या दंतकथेचं मूळ.

हे जास्तीचे घोडे आले कुठून? फोर-स्ट्रोक इंजिनाला मिश्रण आत घेणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं या चार कामांसाठी क्रँकचे दोन फेरे लागतात. टू-स्ट्रोक तेच एका फेऱ्यात उरकतं. त्यात व्हॉल्व्ह नाहीत. ब्लॉकच्या भिंतीला खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि वर-खाली होणारा पिस्टन हेच त्या खिडक्यांचं दार. पिस्टन वर चढतो तेव्हा खाली क्रँककेसमध्ये ओढ तयार होते, रीडच्या पात्या उघडतात आणि कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोलचं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली येताना पात्या मिटतात आणि मिश्रण दाबलं जातं. मग आधी एक्झॉस्टची खिडकी उघडून धूर निघतो, आणि मागोमाग ट्रान्सफरच्या खिडक्या उघडून खालचं ताजं मिश्रण वर उसळतं. म्हणजे क्रँककेस हा या इंजिनाचा भाता आहे. लोहाराचा भाता आणि हा भाता यांत फरक इतकाच, की हा ७,५०० आरपीएमला सेकंदाला १२५ वेळा फुगतो आणि १२५ वेळा दबतो.

भाता हा शब्द लक्षात ठेवावा. पुढचं बहुतेक सगळं त्यात आहे.

हरवलेले घोडे

तीस-पस्तीस वर्षं चाललेल्या आरएक्समध्ये कागदावरचे अकरा घोडे नसतात. किती उरलेत ते गाडीच्या आयुष्यावर अवलंबून. पण माझ्या गाडीने सुधारणा म्हणून जे काही स्वीकारलं त्यातला सर्वांत मोठा फरक झिजलेलं जागेवर आणल्याने पडला. आमचे मिस्त्री पहिल्या दिवशी म्हणाले होते, "आधी काय गेलंय ते बघू, मग काय आणायचं ते बघू." मी ऐकलं नाही. नवा चकचकीत पाइप घेऊन गेलो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

जातं ते साधारण चार ठिकाणी. पहिलं ठिकाण क्रँकची ऑइल सील. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबराची सील असतात; त्यांच्यामुळे भाता बंद राहतो. रबर वर्षांनुवर्षं उन्हात आणि तेलात कडक होतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल पिऊ लागतं. सायलेन्सर पांढरा धूर काढतो आणि गिअर ऑइलची पातळी गुपचूप घटते. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं तर जास्त वाईट, कारण तिथून नुसती हवा शिरते. गाडी न्यूट्रलला आपोआप चढू लागते, रेस सोडली तरी इंजिन लगेच उतरत नाही. बहुतेक जण इथे कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतात. फाटलेल्या भात्याला नवं तोंड बसवून वारा येत नाही.

दुसरं ठिकाण रीडच्या पात्या. पोलादाच्या या पातळ पात्या किंचित वाकल्या किंवा त्यांची टोकं उडाली, की आत आलेलं मिश्रण मागच्या मागे कार्बोरेटरकडे परत फिरतं. पात्यांचा संच उजेडाकडे धरून पाहावा. फटीतून उजेड दिसला की निदान झालं. फायबरच्या पात्या बसवणं ही आरएक्सवाल्यांची लाडकी सुधारणा आहे. त्या हलक्या असल्याने पटकन उघडतात-मिटतात, आणि तुटल्याच तर पोलादाइतकं नुकसान आत करत नाहीत. पण जुन्या वाकलेल्या पात्यांच्या जागी नव्या पोलादी बसवल्या, तरी निम्म्याहून अधिक फरक तिथेच मिळतो.

तिसरं ठिकाण एक्झॉस्टमधला कार्बन. टू-स्ट्रोक तेल जाळतं आणि त्याची काजळी एक्झॉस्टच्या खिडकीत, बेंड पाइपात आणि सायलेन्सरच्या जाळीत साठत जाते. खिडकीच्या कडेला साचलेला थर म्हणजे खिडकीच लहान झाली. जाळी काढून जाळून, खरवडून स्वच्छ करणं हे काम पूर्वी प्रत्येक गॅरेजमध्ये नेमाने होत असे. आज मालक तीच जाळी काढून फेकून देतो. त्याचा हिशेब पुढे करू.

चौथं ठिकाण खुद्द बोअर आणि पिस्टन. दर वेळी बोअर मारताना पाव मिलिमीटर वाढत जातो: ५०.२५, ५०.५०, असं करत ५१ पर्यंत. "बोअर वाढला म्हणजे ताकद वाढली" असं अनेकांना वाटतं. हिशेब करून पाहा. ५० चा बोअर ५१ झाला तर ९८.२ सीसीचे १०२.१ सीसी होतात, म्हणजे चार टक्के. एवढ्याने कुणाला काही जाणवत नाही. जाणवतं ते नव्या रिंगांमुळे परत आलेलं कॉम्प्रेशन. श्रेय मात्र बोअरला मिळतं.

चहाच्या रंगाचा प्लग

पाइपनंतर नव्या मालकाचा हात जातो तो एअर फिल्टरकडे. खोका काढला की कार्बोरेटर उघड्यावर जोरात घुरघुरतो आणि गाडी वेगवान झाल्याचा भास होतो. आत वेगळंच घडतं. आरएक्सचा मूळ कार्बोरेटर २० मिलिमीटरचा मिकुनी. त्याचे जेट कंपनीने एका ठरावीक खोक्यासाठी, त्याच्या तोंडाच्या ठरावीक मापासाठी निवडलेले. खोका गेला की हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं. मिश्रण पातळ होतं.

टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण जिवावर बेतणारं असतं, कारण या इंजिनात पेट्रोल तीन कामं करतं. ते जळतं, वाफ होताना पिस्टनला थंड करतं, आणि टाकीत तेल मिसळलेलं असेल तर तेच तेल बेअरिंगपर्यंत पोचवतं. पातळ मिश्रणाने तिन्ही कामं एकदम कमी होतात. पिस्टन अॅल्युमिनियमचा, ब्लॉकच्या आतली स्लीव्ह बिडाची. तेवढ्याच उष्णतेने अॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. पिस्टन फुगून भिंतीला चिकटला की मागचं चाक जागीच अडकतं. माझं हायवेवर अडकलं. क्लच दाबायला बोटं हँडलवरच होती म्हणून हा लेख लिहितो आहे.

मग जेट कसा ठरवायचा? त्यासाठी कोणतंही यंत्र लागत नाही, नवा प्लग आणि रिकामा रस्ता पुरतो. गाडी गरम करून तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन थोडं अंतर पळवायची, त्याच अवस्थेत चावी बंद करून क्लच दाबायचा, कडेला थांबून प्लग काढायचा. पांढुरका दिसला तर मिश्रण पातळ. काळा आणि ओला दिसला तर जाड. दुधाच्या चहाचा किंवा भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग आला तर बरोबर. सुरुवात नेहमी मोठ्या जेटपासून करावी आणि एकेक पायरी खाली यावं. जाड मिश्रणाने गाडी फक्त कंटाळवाणी चालते, पातळ मिश्रणाने ती बंद पडते.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला नऊच किलो पुरते. म्हणजे १९८५ साली निवडलेल्या जेटमधून आज तेवढंच इंधन आलं तरी मिश्रण आपोआप पातळ ठरतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि जुने रबरी पाइप, फ्लोटचं पॅकिंग, नळाचं वायसर फुगवतं. त्यामुळे जुन्या गाडीत एक पायरी मोठा मेन जेट आणि नव्या रबराचे पाइप ही आता हौस राहिलेली नाही. महिनाभर गाडी उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

मोठ्या कार्बोरेटरचा मोह इथेच येतो. २० च्या जागी २४ मिलिमीटरचा घेतला तर तोंडाचं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं. ऐकायला छान. पण कार्बोरेटर पेट्रोल वर ओढतो ते हवेच्या वेगाच्या जोरावर. तोंड रुंद झालं की कमी आरपीएमला हवा संथ वाहते, पेट्रोल नीट उचललं जात नाही आणि सिग्नलवरून निघताना गाडी घशात काही अडकल्यासारखी करते. इंजिनाचं बाकीचं अंग जास्त हवा मागत नसेल, तर मोठा कार्बोरेटर म्हणजे लहान मुलाच्या पायात बापाचा बूट.

लाट जाते, लाट येते

आता सायलेन्सरकडे येऊ. टू-स्ट्रोकमध्ये सगळ्यांत मोठी जादू याच नळीत आहे, त्यामुळे लोक तिच्याकडे धावतात यात चूक काही नाही. चूक आहे ती तिला नुसती धूर जायची वाट समजण्यात.

या इंजिनात एक अडचण जन्मजात आहे. ट्रान्सफरमधून ताजं मिश्रण वर येतं तेव्हा एक्झॉस्टची खिडकीही उघडीच असते, आणि ट्रान्सफर बंद झाल्यावरही ती थोडा वेळ उघडी राहते. त्यामुळे ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पळतो. पेट्रोलही जातं, ताकदही जाते, आणि हवेत जळायचं राहिलेलं इंधन मिसळतं. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसं टू-स्ट्रोकचं युग संपत गेलं ते मुख्यतः याच गळतीमुळे.

या गळतीवर दार न लावता उपाय सापडला. एक्झॉस्टची खिडकी उघडते तेव्हा दाबाची एक लाट पाइपातून धावत सुटते. पाइप पुढे शंकूसारखा रुंद होत गेला तर तिथून उलटी, ओढणारी लाट इंजिनाकडे परत येते आणि सिलिंडरमधला उरलेला धूर खेचून घेते. पुढे पाइप पुन्हा अरुंद होत गेला तर तिथे आपटून दाबाची लाट परत येते. ती नेमक्या क्षणी खिडकीपाशी पोचली, तर बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण ती आत ढकलते, आणि तेवढ्यात पिस्टन खिडकी बंद करतो. गच्च भरलेल्या एसटीच्या दारात लोंबकळणाऱ्यांना कंडक्टरने पाठीला हात लावून आत रेटावं आणि दार ओढून घ्यावं, तसं.

सगळी गंमत 'नेमक्या क्षणी' या दोन शब्दांत आहे. ७,५०० आरपीएमला एका फेऱ्याला आठ मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्टची खिडकी ढोबळ मानाने त्यातला अर्धा वेळ, म्हणजे चार मिलिसेकंद उघडी असते. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला साधारण ५०० मीटर धावते. चार मिलिसेकंदांत दोन मीटर. जाऊन परत यायचं, तर एका बाजूचं अंतर आलं सुमारे एक मीटर. आता हेच ९,००० आरपीएमसाठी करा. लाटेला मिळणारा वेळ ३.३ मिलिसेकंदांवर येतो आणि अंतर ८३ सेंटिमीटरवर. म्हणजे पाइप आखूड केला की जोर वरच्या आरपीएमला सरकतो, लांब ठेवला की खाली येतो. कुठल्याही पाइपला सगळ्या आरपीएमला एकसारखी मदत करता येत नाही. ठरलेल्या पट्ट्याबाहेर लाट लवकर किंवा उशिरा पोचते आणि मदतीऐवजी अडथळा करते.

हे तंत्र शास्त्र म्हणून पक्कं केलं ते पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेन या अभियंत्याने. १९५० च्या दशकात तुटपुंज्या साधनांवर त्याने टू-स्ट्रोकला शर्यतीत उभं केलं, आणि १९६१ साली त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. म्हणजे लिटरमागे २०० घोडे. आपल्या आरएक्सचे लिटरमागे ११२ होतात, यावरून काडेनची उंची कळावी. त्याच वर्षी स्वीडनमधल्या क्रिस्टियनस्टाडच्या शर्यतीनंतर त्याचा प्रमुख स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि हे ज्ञान घेऊन सुझुकीकडे पोचला. १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसी गटाचं विश्वविजेतेपद मिळवलं, स्वार अर्थातच डेग्नर. जपानी टू-स्ट्रोकचा सुवर्णकाळ तिथून सुरू झाला. पुढे १९७३ साली गॉर्डन जेनिंग्ज या अमेरिकी लेखकाने हे गणित सामान्य हौशी माणसाला कळेल अशा भाषेत एका पुस्तकात मांडलं. जगभरचे टू-स्ट्रोकवाले आजही ते चाळतात.

आरएक्सच्या मूळ सायलेन्सरच्या पोटातही हाच शंकूंचा खेळ आहे, फक्त सौम्य. रोजच्या रस्त्यावर, मधल्या आरपीएमला ओढ मिळावी असा तो बेतलेला आहे. शेवटची जाळी काढून फेकली की पोटात टिकून राहणारा दाब बदलतो. आवाज दुप्पट होतो आणि खालची ओढ बहुधा कमी होते. बाजारातला शर्यतीचा पाइप लावला तर ताकद खरोखर वाढते, पण ती वर जाऊन बसते. मी लावलेल्या पाइपचा जोर फार वर सुरू व्हायचा. खंबाटकी घाटात मागे माणूस बसवून दुसऱ्या गिअरमध्ये चार हजारांवर चढताना गाडी रुसून बसायची. ट्रॅक्टर शेजारून जायचे. शंभर सीसीचं इंजिन शर्यतीच्या मैदानावर सतत वरच्या पट्ट्यात ठेवता येतं. साताऱ्याच्या बाजारपेठेत नाही.

कानस लावण्याआधी

पाइपचा जोडीदार म्हणजे पोर्टिंग, अर्थात ब्लॉकच्या खिडक्यांना कानस किंवा ग्राइंडर लावणं. यातही बिनधोक काम आणि धोक्याचं काम असे दोन भाग आहेत. ओतकामात राहिलेले खडबडीत उंचवटे काढणं, पॅकिंग आणि खिडकी यांच्या कडा जुळवणं, क्रँककेस व ब्लॉक यांच्या जोडावरची पायरी घालवणं हे बिनधोक. मिश्रणाची वाट मोकळी होते, वेळापत्रक बदलत नाही. फक्त बोअरमध्ये उघडणाऱ्या कडांना शेवटी हलका उतार द्यावा, नाहीतर रिंग अडकते.

धोक्याचं काम म्हणजे एक्झॉस्टची खिडकी वर वाढवणं. ५० मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात ही खिडकी फक्त एक मिलिमीटर वर नेली, तर ती उघडी राहण्याचा काळ क्रँकच्या साधारण साडेचार अंशांनी वाढतो. म्हणजे धूर लवकर सुटतो, वरच्या आरपीएमला इंजिन मोकळं होतं. पण खाली, जिथे आपण रोज चालवतो, तिथे जळत्या वायूचा ढकलण्याचा वेळ कमी होतो. एक मिलिमीटर म्हणजे नखाची जाडी. कानस लावणाऱ्याचा हात चहा पिताना हलला तरी तेवढं जातं. आणि खरवडलेला धातू परत लावता येत नाही. मिस्त्रींच्या गॅरेजात अशा 'जास्त झालेल्या' ब्लॉकची एक रांगच आहे. त्यांना ते फुलदाण्या म्हणतात.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवण्याचंही असंच. थोडं घासलं की खालपासून वरपर्यंत सगळीकडे ओढ वाढते, म्हणून ही सुधारणा मनाला फार पटते. मर्यादा ओलांडली की मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपोआप भडकतं. आतून मूठभर खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि पिस्टनच्या डोक्यावर बारीक खड्डे पडतात.

ब्लॉक बदलणं आणि दात बदलणं

सर्वांत लोकप्रिय मोठी सुधारणा म्हणजे आरएक्स १३५ चा ब्लॉक. त्या इंजिनाचा स्ट्रोक तोच ५० मिलिमीटर आणि बोअर ५८, म्हणून क्षमता १३२ सीसी. जवळपास ३५ टक्के वाढ. कागदावर बघता यापेक्षा स्वस्त घोडे नाहीत. त्याच्या जोडीला पाच गिअरचा बॉक्स बसवला की दोन गिअरमधलं अंतर कमी होतं आणि इंजिन आपल्या आवडत्या पट्ट्यात राहतं. अडचण दोन जागी आहे. जुना क्रँक आणि त्याची बेअरिंग यांच्यावर आता जास्त भार येतो, म्हणजे आधी सांगितलेली दुरुस्ती टाळता येत नाही. आणि आरसी बुकावर ९८ सीसी लिहिलेलं असतं. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस तेच पान उघडतो.

याउलट सर्वांत स्वस्त सुधारणा कुणाच्या यादीत नसते. ती म्हणजे चेनचं पुढचं दातेरी चाक. समजा पुढे १४ दात आहेत आणि आपण १३ दातांचं बसवलं. मागच्या चाकाची ओढ सर्व गिअरमध्ये पावणेआठ टक्क्यांनी वाढली. बोअर एक मिलिमीटर वाढवून मिळणाऱ्या चार टक्क्यांच्या जवळपास दुप्पट, तेही अर्ध्या तासात आणि इंजिनाला हात न लावता. बदल्यात वरचा वेग तेवढा उतरतो आणि हायवेवर इंजिन जास्त ओरडतं. घाटमाथ्यावर राहणाऱ्याने हे करून पाहावं. न आवडल्यास जुनं चाक परत बसवता येतं, आणि ही सोय कानशीच्या कामात नाही.

तेलाबद्दल एक सूचना. आरएक्सला यामाहाची ऑटोल्यूब पद्धत आहे. वेगळ्या टाकीतलं तेल पंप मोजून देतो. "पंपाचा भरवसा नाही" म्हणून अनेक जण तो काढून टाकीतच तेल मिसळतात. मग घाट उतरताना रेस बंद, इंजिन मात्र चाकांच्या ओढीने जोरात फिरतंय, अशा वेळी पेट्रोलबरोबर तेलही थांबतं. पंप इंजिनाच्या फिरण्यावर चालतो, म्हणून रेस बंद असतानाही थोडं तेल देत राहतो. घाटाच्या मुलखात पंप दुरुस्त करून ठेवणं शहाणपणाचं. पंप काढलाच असेल तर उतारावर मधूनमधून थोडी रेस द्यायची सवय लावावी.

पळणाऱ्याला थांबायलाही हवं

आरएक्सचे मूळ ब्रेक दोन्हीकडे ड्रमचे. वेगाची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. साठवरून ऐंशीला गेलात तर वेग ३३ टक्क्यांनी वाढला, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा ७८ टक्क्यांनी. म्हणून ज्या दिवशी पाइपसाठी पैसे बाजूला काढाल, त्याच दिवशी नवे ब्रेक शू, गोल करून घेतलेला ड्रम, नवी केबल, पुढच्या फोर्कची सील व तेल आणि नवे टायर यांचेही काढावेत. दहा वर्षांपूर्वीचा टायर नक्षी शाबूत असली तरी दगड झालेला असतो. हे केल्यावर गाडी वेगवान होत नाही. पण वळणात तुम्ही आधीपेक्षा कमी ब्रेक मारता, आणि मग कळतं की घरी लवकर पोचणं इंजिनाइतकंच यावरही असतं.

कायदाही माहीत असावा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना बंद. महाराष्ट्रातल्या शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रांगेने मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येतात. ती पाहताना टू-स्ट्रोकवाल्याला दुःख होतं ते वेगळ्याच कारणाने. आवाज आणि ताकद यांचा संबंध नाही हे त्याला ठाऊक असतं. ताकद शंकूंमध्ये असते. आवाज दाबणारा तुकडा त्यांच्यानंतर येतो, आणि तो नीट बनवला तर फारसा जोर न घालवता शेजाऱ्यांना झोपू देतो. त्या रांगेतल्या बऱ्याच पाइपांनी गाडीची ताकद वाढवलीच नव्हती, फक्त बातमी वाढवली होती.

माझ्या गाडीत आज काय आहे? दोन्ही नवी क्रँक सील, फायबरच्या पात्या, पाव मिलिमीटर वाढलेला बोअर, मूळ फिल्टरचा खोका, एक पायरी मोठा मेन जेट, कडा जुळवलेले पोर्ट, पुढे एक दात कमी, पंप चालू, टायर नवे. सायलेन्सर मामांच्या माळ्यावरून उतरवलेला, मूळचा, जाळीसकट. खंबाटकीत ट्रॅक्टर आता मागे राहतात.

तो शर्यतीचा पाइप मिस्त्रींच्या गॅरेजात फुलदाण्यांच्या वर खिळ्याला टांगलेला आहे. दर आठवड्याला कुणीतरी पोरगा जुनी आरएक्स घेऊन येतो, मान वर करून त्याच्याकडे बघतो आणि किंमत विचारतो. मिस्त्री हातातलं काम सोडत नाहीत. प्लगचा पाना त्याच्याकडे सरकवतात आणि म्हणतात, "आधी प्लग काढून दाखव."